अ‍ॅल्युमिनियम चढवलेल्या कोळशाने पाण्यातलं फ्लोराइड काढताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एम.एस्सी.चे प्रोजेक्ट तपासायला बसलं की दरवर्षी एक-दोन वह्या अशा निघतात. करवंटीचा कोळसा, त्यावर तुरटी किंवा अ‍ॅल्युमिनियम सल्फेटची प्रक्रिया, आणि शेवटच्या पानावर ‘फ्लोराइड ९६ टक्के कमी झालं’. मग तोच कोळसा किनवटकडच्या किंवा पांढरकवड्याकडच्या एखाद्या बोअरच्या पाण्यात टाकला, की निम्मंसुद्धा काम करत नाही. विद्यार्थी गोंधळतात आणि पाण्यालाच दोष देतात. पाणी बिचारं जसं असतं तसंच असतं. चूक बहुतेक वेळा फ्लास्क शेकरवर चढायच्या आधीच होऊन गेलेली असते: धुण्यात, पीएचमध्ये, नाहीतर मोजण्यात.

साधा कोळसा रंग आणि वास चांगला धरतो, फ्लोराइड मात्र फारसं धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमला फ्लोराइडची ओढ असते, म्हणून कोळशाच्या दाण्यांवर अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर चढवायचा. कल्पना एवढीच आहे. पण तेच अ‍ॅल्युमिनियम सुटून पाण्यात आलं तर दोन घोटाळे होतात. पाणी बिघडतं, आणि फ्लोराइडचं रीडिंगही खोटं येतं. पुढच्या बहुतेक सूचना या दोन घोटाळ्यांभोवतीच फिरतात.

## सुरू करण्याआधी

ध्येय टक्क्यांत ठरवू नका, उरलेल्या फ्लोराइडमध्ये ठरवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. लिटरला २० मिलिग्रॅम असलेल्या पाण्यातून ९० टक्के काढलं तरी २ उरतं, म्हणजे नापास. ३ मिलिग्रॅमच्या पाण्यातून ७० टक्के काढलं तर ०.९ उरतं, म्हणजे पास. त्याच मानकात अ‍ॅल्युमिनियमची स्वीकारार्ह मर्यादा ०.०३ आणि कमाल मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे. हे चारही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सामान फार नाही: दाणेदार करवंटी कोळसा, अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम फ्लोराइड, चाळण्या, पीएच मीटर आणि झाकणाच्या प्लास्टिक बाटल्या. फ्लोराइडची द्रावणं काचेत साठवू नका, आम्लयुक्त द्रावणं तर मुळीच नको. पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या घ्या.

सावधान: सोडियम फ्लोराइड विषारी आहे. पिपेट तोंडाने ओढायची नाही. प्रयोगशाळेत ‘शुद्ध’ केलेलं पाणी चव बघायला म्हणूनही प्यायचं नाही. हे लिहावं लागतं, कारण विज्ञान प्रदर्शनात मी एका मुलाच्या हातातून ग्लास काढून घेतलेला आहे.

## टप्पा १: मोजणी आधी बसवा

बहुतेक जण कोळशापासून सुरुवात करतात आणि मोजणीचं नंतर बघतात. उलट करा. मोजता येत नसेल तर कोळसा करून उपयोग काय?

सोडियम फ्लोराइड ओव्हनमध्ये वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) थंड होऊ द्या. त्यातलं ०.२२१ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करा. हे लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइडचं मूळ द्रावण झालं. त्यातलं ५० मिली १ लिटर केलं की ५ मिलिग्रॅमचं कामाचं द्रावण मिळतं. वजन करताना ०.१ ग्रॅम करून टाकणारे खूप असतात. सोडियमचं वजन धरायचं विसरतं आणि मग सगळी द्रावणं निम्म्याहून कमी ताकदीची होतात.

मोजायच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. एक स्पॅड्न्सची रंगपद्धत, दुसरी फ्लोराइड इलेक्ट्रोडची.

स्पॅड्न्समध्ये झिर्कोनियमचा लाल रंग फ्लोराइडमुळे फिका होतो आणि ५७० नॅनोमीटरवर रीडिंग घेतात. ही पद्धत लिटरला १.४ मिलिग्रॅमपर्यंतच धरून चालते, त्याहून जास्त असेल तर नमुना पातळ करावा लागतो. रंग जितका फिका तितकं फ्लोराइड जास्त, हे उलटं गणित नव्यांना पहिल्या दिवशी हमखास चकवतं. नमुन्याचं आणि प्रमाण द्रावणांचं तापमानही जवळजवळ सारखंच हवं. एसीतून काढलेली बाटली आणि खिडकीत ठेवलेली बाटली एकाच आलेखावर बसवू नका.

आता मुख्य खड्डा. पाण्यात सुटं अ‍ॅल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. धरलेलं फ्लोराइड रंग फिका करत नाही, आणि रीडिंग ‘फ्लोराइड कमी’ असं सांगतं. लिटरला ०.१ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियमसुद्धा ताबडतोब घेतलेलं रीडिंग सुमारे ०.१ ने खाली ओढतं. आमच्याकडे एकदा अशाच एका नमुन्याचं स्पॅड्न्सवर ०.२ आलं. सगळे खूश. तोच नमुना इलेक्ट्रोडवर नीट मोजला तर १.७. फ्लोराइड गेलंच नव्हतं, आमच्याच कोळशातून सुटलेल्या अ‍ॅल्युमिनियमने ते लपवलं होतं. चूक माझी होती: त्या वेळी धुण्याचं पाणी स्वच्छ दिसलं म्हणून मी पुढे जायला सांगितलं होतं.

तपासणी: स्पॅड्न्स वापरत असाल तर नमुन्यात अभिकर्मक (स्पॅड्न्सचं रंगाचं द्रावण) घालून लगेच रीडिंग घ्या, आणि त्याच नळीचं दोन तासांनी पुन्हा घ्या. वेळ गेला की अ‍ॅल्युमिनियमचा अडथळा बराच ओसरतो. दुसऱ्या रीडिंगला फ्लोराइड वाढलेलं दिसलं, तर तुमच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आहे असं समजा. मग पहिलं रीडिंग वहीत निकाल म्हणून लिहायचं नाही.

इलेक्ट्रोड मिळत असेल तर तोच वापरा. नमुन्यात तेवढंच टीसॅब (पीएच आणि आयनांचं प्रमाण सारखं ठेवणारं द्रावण) घालायचं, प्रमाण द्रावणांतही तेवढंच. त्या टीसॅबमध्ये सीडीटीए नावाचं रसायन आहे का ते बाटलीवर बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवायचं काम तेच करतं. ०.१, १ आणि १० मिलिग्रॅमच्या द्रावणांवर कॅलिब्रेशन करा. दहापट फरकाला ५४ ते ६० मिलिव्होल्टचा उतार आला पाहिजे. नाही आला तर इलेक्ट्रोड बिघडलाय किंवा द्रावण चुकलंय, पुढे जाऊ नका. मोजताना कमी सांद्रतेकडून जास्तीकडे जा. आणि मॅग्नेटिक स्टररची बैठक गरम होते, म्हणून बीकरखाली थर्माकोलचा तुकडा ठेवा. तेवढ्याने रीडिंग सरकायचं थांबतं.

## टप्पा २: कोळसा तयार करणं

घरी भाजलेला कोळसा, उसाचं चिपाड, शेंगांची टरफलं, काहीही घ्या, पण पहिल्यांदा करत असाल तर तयार दाणेदार करवंटी कोळसा घ्या. एका वेळी एकच गोष्ट शिकावी. मफल फर्नेसमध्ये (विजेच्या बंद भट्टीत) स्वतः भाजणार असाल तर मूस गच्च भरून झाकण नीट बसवा. पांढरी राख दिसली की हवा आत गेली आणि माल जळला.

कोळसा चाळून बीएसएस (ब्रिटिश मानकाच्या) ३० आणि ६० च्या चाळण्यांमधला माल ठेवा, म्हणजे दाणे साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरचे येतात. कॉलमसाठी (कोळसा भरलेली उभी नळी, टप्पा ८) वेगळा, मोठा माल लागेल: १६ ते ३० मेशचा, अर्धा ते एक मिलिमीटर. खाली पडणारी पूड मोह पडला तरी टाकून द्या. पूड भराभर फ्लोराइड धरते म्हणून आकडे छान येतात, पण ती फिल्टरमधून निसटते आणि कॉलममध्ये पाणी अडवते.

मग आम्लाने धुवा. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात कोळसा काही तास ठेवा, अधूनमधून हलवा, मग डिस्टिल्ड पाण्याने आम्ल जाईपर्यंत धुवा. यात राख निघते. राख क्षारधर्मी असते, ती राहिली तर पुढच्या टप्प्यात पीएच तुमच्या हाताबाहेर जातो.

तपासणी: धुतलेला कोळसा ताज्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पीएच बघा. संध्याकाळी ७ होता आणि सकाळी ४ किंवा ९ झाला, तर दाण्यांच्या आतल्या भेगांमधलं आम्ल किंवा राख अजून बाहेर येतेय. पुन्हा धुवा.

या धुतलेल्या कोळशातला काही भाग बाजूला काढून वाळवून ठेवा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम चढवायचं नाही. तुलना या भागाशी करायची असते. अर्ध्या वह्यांमध्ये ही तुलनाच नसते, आणि मग ‘प्रक्रियेमुळे फायदा झाला’ हे वाक्य हवेत लटकतं.

## टप्पा ३: अ‍ॅल्युमिनियम चढवणं

२० ग्रॅम वाळलेला कोळसा घ्या. २० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट (१८ पाण्याचं) २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यात कोळसा घाला आणि दोनेक तास हळू ढवळत ठेवा. द्रावण दाण्यांच्या आत मुरलं पाहिजे. वर तरंगणारे कोरडे दाणे बुडेपर्यंत थांबा.

मग १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून थेंबाथेंबाने सोडा, ढवळणं चालूच ठेवा, पीएच मीटर आत ठेवा. ७ च्या आसपास थांबा. हे काम घाईचं नाही. एकदम ओतलं तर जिथे थेंब पडतो तिथे पांढरा गाळ होतो, आणि हायड्रॉक्साइड दाण्यावर बसायचं सोडून पाण्यातच गोळा होतं. पीएच ९-१० वर गेला तर आणखी वाईट, कारण अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तीव्र क्षारातही विरघळतं. ‘जास्त झालं, आता थोडं आम्ल टाकून परत आणू’ असं केलं की थर सैल बसतो. तो घाणा बाजूला काढा आणि नवा लावा.

तपासणी: वर दिलेल्या वजनांना १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड साधारण १८० मिली लागायला हवं, थोडं कमी चालेल. १०० मिलीतच ७ आला, तर सल्फेटचं वजन चुकलंय किंवा कोळशात राख राहिलीय. २२० लागलं, तर सोडियम हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढलाय, त्याचं टायट्रेशन पुन्हा करा. दर वेळी ब्युरेटचा आकडा लिहून ठेवला की कुठला घाणा बिघडला ते महिन्यानंतरही कळतं.

मिश्रण झाकून एक दिवस तसंच ठेवा.

## टप्पा ४: धुणं

सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच वाया जातात.

पहिल्या दोन-तीन पाण्यांना गाळू नका. बीकर हलवा, अर्धा मिनिट थांबा, दाणे तळाशी बसले की वरचं दुधाळ पाणी ओतून टाका. दुधाळपणा म्हणजे दाण्यांवर न बसलेलं हायड्रॉक्साइड. ते ठेवावंसं वाटतं, कारण तेही फ्लोराइड धरतं. पण ते दाण्याला चिकटलेलं नाही. फ्लास्कमध्ये ते फिल्टर पेपरवर अडकून आकडे फुगवेल, आणि कॉलममध्ये पहिल्याच दिवशी वाहून नळातून बाहेर येईल. ओतायचं म्हणजे ओतायचं.

पाणी स्वच्छ झाल्यावर फिल्टरवर धुवा. सल्फेट जाईपर्यंत धुवायचं. ते कळण्यासाठी गाळलेल्या पाण्याचे दोन मिली टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, चार थेंब पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, मग बेरियम क्लोराइडचे दोन थेंब. पांढरी झाक आली तर सल्फेट आहे. नळी काळ्या कागदासमोर धरून बघा, उजेडाकडे धरली तर हलकी झाक दिसत नाही. बेरियम क्लोराइडही विषारी आहे, हात धुवा.

सल्फेट एवढं का बघायचं? उरलेलं सल्फेट पाण्यात उतरलं की स्पॅड्न्सचं रीडिंग थोडं वर ढकलतं, अ‍ॅल्युमिनियम खाली ओढतं, आणि दोन्ही मिळून जो आकडा येतो त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही. शिवाय सल्फेट गेलेलं नाही म्हणजे विरघळणारं अ‍ॅल्युमिनियमही बहुधा गेलेलं नाही.

सावधान: नळाच्या पाण्याने धुऊ नका. ‘शेवटी डिस्टिल्ड मारू’ म्हणून नळाखाली धरलेल्या कोळशावर पाण्यातले बायकार्बोनेट आणि फॉस्फेट आधीच जागा धरून बसतात.

## टप्पा ५: वाळवणं आणि पृष्ठभागाचा पीएच

१०५ अंशांवर रात्रभर वाळवा. लवकर व्हावं म्हणून ओव्हन ३०० वर नेऊ नका. हायड्रॉक्साइडमधलं पाणी उडतं, थराचं रूपच बदलतं, आणि तुम्ही तयार केलेला माल आणि तुम्ही तपासत असलेला माल वेगळे होतात. वाळल्यावर पुन्हा चाळा. ओव्हनमध्ये थोडी पूड पडतेच. माल झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि त्यावर घाण्याचा क्रमांक व तारीख लिहा.

आता कोणत्या पीएचला पृष्ठभागावर ना धन ना ऋण विद्युतभार राहतो, ते काढा. ०.०१ मोलर मिठाच्या पाण्याचे ५०-५० मिलीचे नऊ भाग करा, त्यांचे पीएच ३ ते ११ पर्यंत लावा, प्रत्येकात ०.१५ ग्रॅम कोळसा टाका, झाकणं लावा, एक-दोन दिवस ठेवा. सुरुवातीचा आणि शेवटचा पीएच जिथे सारखा, तो तुमचा बिंदू. त्याच्या खाली पृष्ठभाग धन असतो, फ्लोराइड ऋण असतं, म्हणून खेचलं जातं. हा बिंदू माहीत नसताना ‘पीएच ६ ला उत्तम निकाल’ एवढंच लिहिलं, तर त्याचं कारण सांगता येत नाही, आणि बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात.

## टप्पा ६: बाटल्यांमधले प्रयोग, ठरल्या क्रमाने

क्रम असा ठेवा: आधी वेळ, मग पीएच, मग मात्रा, मग सांद्रता, आणि शेवटी खऱ्या पाण्यातले इतर आयन (टप्पा ७). वेळ आधी का? समतोल (फ्लोराइड आणखी कमी व्हायचं थांबतं ती स्थिती) किती वेळात येतो हेच माहीत नसेल, तर पुढचे सगळे आकडे अर्ध्यावर थांबवलेल्या प्रयोगाचे असतात. तीस मिनिटं सोयीची म्हणून सगळं तीस मिनिटांत उरकलेल्या वह्या मी मोजायच्या सोडून दिल्यात.

वेळ. लिटरला ५ मिलिग्रॅमचं १०० मिली द्रावण, ०.४ ग्रॅम कोळसा, प्लास्टिकची बाटली, शेकर. ५, १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटं आणि २४ तास. प्रत्येक वेळेला वेगळी बाटली लावा. एकाच बाटलीतून पुन्हापुन्हा नमुना काढला, तर दर वेळी द्रावण आणि कोळसा यांचं प्रमाण बदलतं.

प्रत्येक फेरीत तीन जास्तीच्या बाटल्या लावा: फ्लोराइड आहे पण कोळसा नाही, कोळसा आहे पण फ्लोराइड नाही, आणि फ्लोराइडसोबत साधा (प्रक्रिया न केलेला) कोळसा. पहिलीत बाटली स्वतः काही ओढते का ते कळतं. दुसरीत कोळसा पाण्यात काय सोडतो ते कळतं. तिसरीबद्दल वर सांगितलंच.

गाळताना पहिले १० मिली टाकून द्या, फिल्टर पेपरही थोडं काही धरतो. आणि सुरुवातीची सांद्रता ‘५’ असं गृहीत धरू नका, तीही मोजा.

हिशोब साधा आहे. सुरुवातीची सांद्रता वजा शेवटची, गुणिले द्रावणाचे लिटर, भागिले कोळशाचे ग्रॅम. ५.० ची ०.९ झाली, द्रावण ०.१ लिटर, कोळसा ०.४ ग्रॅम: म्हणजे ४.१ गुणिले ०.१ भागिले ०.४, बरोबर १.०२५ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. इथे मिलीचं लिटर करायला विसरलं की उत्तर हजारपट येतं, आणि ते तसंच निष्कर्षात छापलेलंही मी पाहिलंय.

पीएच. ४ ते ९ पर्यंत लावा. फार आम्लात अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, फ्लोराइडचंही हायड्रोफ्लोरिक आम्ल व्हायला लागतं. ८ च्या वर हायड्रॉक्साइड आयन फ्लोराइडशी जागेसाठी भांडतात. पीएच लावायला फक्त पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड वापरा.

सावधान: फॉस्फेटचं बफर कधीच वापरू नका. पीएच स्थिर राहतो, पण फॉस्फेट स्वतःच अ‍ॅल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि फ्लोराइडला जागा उरत नाही. आलेख गुळगुळीत येतो म्हणून ही चूक लवकर पकडलीही जात नाही.

शेवटचा पीएचही लिहा. फ्लोराइड जागेवर बसताना हायड्रॉक्साइड सुटतं, म्हणून ६ ला लावलेली बाटली ७ ला संपू शकते. मग तुमचा निकाल कोणत्या पीएचचा?

मात्रा. कोळसा वाढवला की काढलेले टक्के वाढतात आणि प्रति ग्रॅम क्षमता घटते. या दोन रेघा एकमेकींना कापतात तो बिंदू ‘सर्वोत्तम मात्रा’ म्हणून लिहायची पद्धत पडली आहे. त्या छेदाला काहीच अर्थ नाही, अक्षांची मापं बदलली की तो सरकतो. ज्या मात्रेला उरलेलं फ्लोराइड १ च्या खाली जातं, ती तुमची मात्रा.

सांद्रता. २ पासून ३० मिलिग्रॅमपर्यंत सात-आठ सांद्रता, प्रत्येकी तीन बाटल्या. समतोलातली सांद्रता १ ते १.५ च्या आसपास येईल असे दोन-तीन बिंदू मुद्दाम घ्या. १०० मिलिग्रॅमच्या द्रावणावर मिळालेली ‘कमाल क्षमता’ छापायला दिमाखदार दिसते. गावातल्या ३ मिलिग्रॅमच्या पाण्याला तिचा उपयोग नाही, तिथे १ मिलिग्रॅमला कोळसा किती धरतो एवढंच बघायचं.

फरक फार लहान असेल तेव्हाही जपा. ५.० ची ४.८ झाली आणि तुमच्या मोजणीत ०.१ इकडे-तिकडे होतं, तर काढलेलं ०.२ खरंच काढलं की नाही हेच सांगता येत नाही. कोळसा वाढवा आणि फरक मोठा करा.

## टप्पा ७: खऱ्या पाण्यावर

डिस्टिल्ड पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून केलेलं पाणी ‘भूजल’ नसतं. नळाच्या पाण्यात घातलं तरी नसतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइड असलेली ठिकाणं आहेत. फ्लोराइड जास्त असलेल्या भूजलात बहुतेकदा कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, आणि पीएच ७.५ च्या वर असतो. नेमकं बायकार्बोनेट आणि वाढलेला पीएच यांनीच तुमच्या कोळशाची धार बोथट होते.

हातपंपावर पाणी घेताना आधी काही मिनिटं उपसा, पाइपात उभं राहिलेलं पाणी जाऊ द्या. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा. प्लास्टिकचीच बाटली, आम्ल घालायचं नाही. पीएच तिथेच मोजा, कॉलेजवर येईपर्यंत तो बदलतो. पंपाची जागा, वेळ आणि क्षारता लिहून ठेवा.

प्रयोग दोन प्रकारे करा: पाणी जसं आहे तसं, आणि पीएच ६.५ च्या आसपास आणून. दुसऱ्यात आम्ल भरपूर लागेल, कारण बायकार्बोनेट ते खाऊन टाकतं. किती लागलं ते लिहा. रोज दहा लिटर पाण्याला गावकऱ्यांनी एवढं आम्ल घालायचं का, याचं उत्तर तुम्हाला कधीतरी द्यावं लागेल.

तपासणी: प्रक्रिया केलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम मोजून घ्या, तेही अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी (दोन्ही धातू मोजायची यंत्रं) असलेल्या प्रयोगशाळेत. रंगाच्या पद्धतीने मोजू नका, तिथे उलट फ्लोराइड आडवं येतं. ०.२ च्या वर गेलं तर फ्लोराइड कितीही कमी झालेलं असो, माल परत धुवायला काढा.

## टप्पा ८: कॉलम

नळीचा आतला व्यास दाण्याच्या निदान दहापट हवा, त्याहून जास्त चांगला, नाहीतर पाणी कडेकडेने पळतं. एक मिलिमीटरच्या दाण्याला अडीच सेंटिमीटरची नळी ठीक. खाली काचेची लोकर, वर २० सेंटिमीटर कोळसा. हा थर जवळपास ९८ मिलीचा होतो. पाण्याला थरात दहा मिनिटं मिळायची असतील तर प्रवाह मिनिटाला साधारण १० मिली ठेवा.

कोरडा कोळसा ओतून वरून पाणी सोडू नका. कोळसा आधी पाण्यात भिजवा, पाण्यासकट भरा, मग खालून वर हळू पाणी चढवून हवेचे बुडबुडे काढा. बुडबुडा राहिला तर काचेतून दिसतो: एक चांदीसारखा ठिपका, आणि त्याच्या भोवतीचा कोळसा कोरडाच.

सुरुवातीचं काही पाणी टाकून द्या. पुढे ठरावीक मिलींनंतर नमुने घ्या आणि बाहेरचं फ्लोराइड १.० ला पोचलं की तिथेच थर संपला असं धरा. आलेखावर वेळ मांडू नका, थराच्या आकारमानाच्या किती पट पाणी गेलं ते मांडा. मग तुमचा छोटा कॉलम आणि दुसऱ्याचा मोठा यांची तुलना होते.

संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करणार असाल तर तशी नोंद करा. रात्री थांबलेल्या थरात फ्लोराइड दाण्यांच्या आत सरकतं, म्हणून सकाळचा पहिला नमुना कालच्या शेवटच्यापेक्षा चांगला येतो. कोळसा ‘बरा’ झालेला नसतो, अर्ध्या तासात वक्र पुन्हा वर जातो.

## टप्पा ९: आकडे मांडताना

लँगम्युअर आणि फ्रॉयंडलिख ही समीकरणं (कोणत्या सांद्रतेला कोळसा किती धरतो ते सांगणारी) सरळ रेषेत आणून बसवायची सवय सोडा. लँगम्युअरच्या नेहमीच्या सरळ रूपात समतोलाची सांद्रता दोन्ही अक्षांवर येते, त्यामुळे आर वर्ग (रेषा किती जुळली त्याचा आकडा) ०.९९ जवळजवळ फुकटात मिळतो. वेळेच्या छद्म द्वितीय क्रमाच्या (धरण्याचा वेग बसवायच्या नेहमीच्या समीकरणाच्या) आलेखातही वेळ दोन्हीकडे असते. एक्सेलच्या सॉल्व्हरने मूळ वक्रच बसवा आणि प्रत्येक बिंदूचा फरक बघा. आणि द्वितीय क्रम बसला म्हणून ‘रासायनिक अधिशोषण (म्हणजे रासायनिक बंधाने पृष्ठभागावर धरणं) सिद्ध झालं’ असं लिहू नका. समीकरण चांगलं बसणं हा यंत्रणेचा पुरावा नाही.

## टप्पा १०: वापरलेला माल

संपलेला कोळसा १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडने धुतला की फ्लोराइड सुटतं. मग पाण्याने धुवा, नंतर पातळ सल्फ्युरिक आम्लाने पीएच ७ च्या जवळ आणा, पुन्हा धुवा. क्षार प्रत्येक वेळी थोडं अ‍ॅल्युमिनियमही खाऊन टाकतो, म्हणून दर फेरीनंतर क्षमता मोजा. ‘पाच वेळा वापरता येतो’ असं लिहायचं असेल तर पाचही फेऱ्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम किती सुटलं तेही सोबत द्या.

सुटलेल्या क्षाराच्या पाण्यात फ्लोराइड गोळा झालेलं असतं. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, आवारातल्या बोअरजवळ तर नाहीच नाही. रिकाम्या कॅनमध्ये साठवा, चुन्याची निवळी घालून कॅल्शियम फ्लोराइड बसू द्या, गाळ वेगळा करा. चुन्याने सगळं फ्लोराइड जात नाही, वरच्या पाण्यात लिटरला आठेक मिलिग्रॅम राहू शकतं. कॅनवर काय आहे आणि कधीचं आहे ते मार्करने लिहा, आणि प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याच्या नोंदवहीत त्याची ओळ टाका. आमच्या स्टोअरमध्ये चिठ्ठी नसलेले असे दोन कॅन अजून आहेत, आणि ते कुणाचे हे विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात.